तळ्याच्या राजाला कुणी काही सांगू नये

३ नोव्हेंबर, रविवार

बाहुली मंडळाची वार्षिक सभा, खानावळीच्या मागच्या खोलीत. मी अध्यक्ष झालो. एकमताने. प्रश्न विचारताच सगळ्यांचे हात वर. त्याच वेळी बिअरवाला दारात उभा होता, हा योगायोग.

सारी हयात रिब्नोवच्या संगीतशाळेत व्हायोलिन शिकवण्यात गेली. गावानं काय घेतलं? पालथ्या घड्यावर पाणी. गाव तळ्यांचं, माणसं माशांची. कार्प पकडायचा, कार्प विकायचा, नाताळात कार्प तळायचा, उरलेलं वर्ष त्याबद्दल बोलायचं. आता मी रिटायर आहे. आता गावाला वळण लावायला मला वेळच वेळ आहे.

घोषणा करून टाकली. ८ डिसेंबरला बाहुल्यांची ऑपेरा, सहकुटुंब बघण्यासाठी. आपल्याच गावच्या संगीतकार व्हाव्रिनेत्स दोउबेकची 'तळ्याचा राजा'. पाच अंक. कात्री लावणार नाही. दोउबेकला जग विसरलं, ही जगाची लायकी.

मग प्रोकोपनं विचारलं, मध्यंतरात सॉसेज असतील का. प्रोकोप मत्स्यशेतीवर कामाला आहे आणि मंडळात राजांचे बाहुले नाचवतो. त्याच्याकडून मी जास्त अपेक्षा ठेवत नाही.

ब्लाझेनाबाईंनी विचारलं, विदूषकाचं काय. या बाई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, पोस्टातून निवृत्त, आणि अजून जगाकडे खिडकीआडून बघतात. आमच्याकडे बाहुल्यांचा खेळ लाल टोपीवाल्या विदूषकाशिवाय सुरू होत नाही. तो येतो, 'पोरांनो, आलात का सगळे' म्हणतो, पोरं घसा फोडून 'हो' म्हणतात, मग तो वाट्टेल ते विचारत सुटतो आणि पोरं उत्तरं देत सुटतात. याला इथं कला म्हणतात. आमचा विदूषक आयुष्यभर आलोइसकाकांच्या हातात होता. ते वसंतात गेले. तेव्हापासून तो बाहुला खुंटीवर भिंतीकडे तोंड करून टांगलाय. नवा हात मिळेपर्यंत त्याला वळवायचं नाही, असा रिवाज.

मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. पण सुंठीवाचून खोकला गेला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

राद्काचा फोन. माझी एकुलती एक मुलगी, हुशार, फक्त लग्नात चुकली. जावई लुमीर आइस हॉकीवाला. आता अपोलेना सहा वर्षांची झाली, तेव्हा जानेवारीपासून तिचे शनिवार कुठे जाणार हा प्रश्न आहे. माझ्याकडे व्हायोलिनला, की लुमीरबरोबर बर्फावर काठ्या आपटायला.

मी म्हटलं, हा प्रश्नच कसा पडतो. राद्का म्हणाली, गेल्या वर्षी तुम्ही तिला वाद्यवृंदाच्या मैफलीला नेलंत म्हणून पडतो. ते खरं आहे. पोरगी झोपली, मग जागी होऊन मोठ्यानं विचारलं, तो छडीवाला माणूस कुणाला मारणार आहे. छडीवाल्यानं वळून पाहिलं होतं.

शेवटी ठरलं असं. अपोलेना माझी ऑपेरा बघायला येईल. शेवटपर्यंत बसली आणि अजून हवं असं स्वतःहून म्हणाली, तर शनिवार माझे. नाहीतर हॉकी, आणि मी रुसायचं नाही. मी कधीच रुसत नाही. मागे चार महिने बोललो नव्हतो, ती शिस्त होती.

कपाटावरचं छोटं व्हायोलिन खाली काढलं. राद्काचंच. पुसलं, नव्या तारा लावल्या. पाचव्या अंकात राजा बुडतो तिथं अपोलेना रडेल. डोळे पुसले की लगेच हातात व्हायोलिन द्यायचं. लोखंड तापलेलं असतानाच.

९ नोव्हेंबर, शनिवार

संहिता झाली. पोरांसाठी सोपी केली नाही. सोपं करणं हा मुलांचा अपमान आहे, आणि मुलांचा अपमान करायच्या इतर पद्धती मला जास्त आवडतात.

कथा अशी. राजाकडे तळ्याच्या बांधाच्या दाराची किल्ली असते. दुष्ट प्रधान ती पहिल्याच प्रवेशात चोरतो आणि झग्यात लपवतो. सगळ्यांसमोर. राजाला मात्र कळत नाही. पुढचे पाच अंक तो गात फिरतो. कुठे गेली किल्ली? कुणी केला घात? कुणावर ठेवू विश्वास? दार बंद करता येत नाही, अखेर बांध फुटतो आणि राजा बुडतो. दोउबेकची सगळी प्रतिभा प्रश्नांत आहे. अख्ख्या ऑपेरात प्रश्नांशिवाय ओळ सापडणं कठीण, आणि एकाचंही उत्तर नाही. हीच उंची.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

रेकॉर्डिंग पूर्ण. बाहुल्यांच्या खेळात सगळी पात्रं एकाच माणसानं बोलायची, ही आपली परंपरा. म्हणून राजा मी, प्रधान मी, राणी मी, मच्छीमारांचा कोरस मी. व्हायोलिन अर्थातच मी. घुमारा यावा म्हणून न्हाणीघरात केलं. राणीच्या वरच्या सुरांना शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं. ते रेकॉर्डमध्ये आलंय. ढोल म्हणून चालेल.

संकल्प: प्रयोग होईपर्यंत बिअर बंद.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

घशासाठी एक घेतली.

२० नोव्हेंबर, बुधवार

तालीम. प्रोकोपच्या हातात राजा, ब्लाझेनाबाईंकडे प्रधान आणि राणी. दोघं रंगमंचाच्या वर बांधलेल्या पुलावर उभे राहून खाली वाकतात आणि तारा हलवतात. दोन तास मी रेकॉर्ड थांबवून थांबवून समजावलं. राजानं कोणत्या ओळीला किती अंशात मान झुकवायची, हे सुद्धा. प्रोकोप म्हणाला, मास्तर, याच्या मानेला एकच तार आहे. साधनांच्या मर्यादेमागे लपणारा माणूस. नाचता येईना अंगण वाकडं.

ब्लाझेनाबाईंनी वेगळीच शंका काढली. एवढे प्रश्न विचारतोय राजा, तर पोरं उत्तरं देतील, मग आम्ही काय करायचं. मी म्हटलं, ऑपेरात प्रेक्षक उत्तर देत नसतात. त्या तारा गुंडाळत शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, पोरानं उत्तर दिलं की बाहुलीनं ऐकायचं. नाही ऐकलं तर ती बाहुली राहत नाही, लाकूड होतं. आम्हाला आलोइसनं असंच शिकवलंय."

आलोइस. मेला तरी तालमीत येतोच.

मी वाद घातला नाही. गाढवाला गुळाची चव काय.

२४ नोव्हेंबर, रविवार

मोठी कल्पना. राजा निळ्या कापडात बुडणार नाही. खऱ्या पाण्यात बुडेल. रंगमंचाच्या मागच्या बाजूला पत्र्याचा मोठा टब ठेवायचा, काठोकाठ भरून. शेवटी छपाक असा खरा आवाज.

टब प्रोकोपचाच. त्यानं अट घातली की नाताळाला तळायचा जिवंत कार्प तोवर त्यातच राहू दे, घरी न्हाणीघर बायकोला हवं असतं. म्हटलं, राहू दे, पाचव्या अंकापर्यंत त्या टबाला कुणी हातही लावणार नाही. कार्प मोठा आहे. तोंड आमच्या नगराध्यक्षांसारखं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पोस्टरं लावली. 'सहकुटुंब यावे. बोलू नये. खाऊ नये. उठू नये. मध्ये टाळ्या वाजवू नयेत.' बेकरीवाल्या बाईनं विचारलं, मास्तर, श्वास घेतला तर चालेल ना. हसली. लोकांना हसायला काही लागत नाही.

संध्याकाळी पाहिलं तर कुणीतरी पोस्टरवरच्या राजाला लाल टोपी काढली होती. नव्या पोस्टरलाही. तिसरं मी लावलंच नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

संत मिकुलाशची संध्याकाळ. गावभर सैतानाची सोंगं साखळ्या ओढत फिरतायत, पोरं घाबरून कविता म्हणतायत आणि चॉकलेटं घेतायत. संगीतासाठी इतके कष्ट कुणी घेत नाही. शेवटच्या तालमीला प्रोकोप वेळेवर आलाच नाही. आज तो सैतान होता. उशिरानं आला तेव्हा तोंडाला काजळी आणि अंगाला मधाच्या दारूचा वास. राजाला काजळीचे डाग पडले. पुसले तर रंग निघाला. राजा आता थोडा आजारी दिसतो. पाचव्या अंकाला ते पोषक आहे.

७ डिसेंबर, शनिवार

अपोलेना आली, आज मुक्कामाला. खसखशीचे तीन बन खाल्ले. मग मी तिला गोष्ट सांगितली, म्हणजे उद्या सगळं नीट कळेल.

तिनं विचारलं, राजा का बुडतो? मी म्हटलं, कारण किल्ली कुणाकडे आहे हे त्याला कुणी सांगत नाही. तिनं बोटावरची खसखस चाटली. मग म्हणाली, "मग सांगायचं ना, आजोबा."

मी समजावलं की अभिजात कलेत तसं नसतं. तिथं सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणी काही करत नाही. तिनं मान डोलावली. पोरगी हळूहळू तयार होतेय.

छोटं व्हायोलिन प्रयोगाच्या पिशवीत ठेवलं. कोरडा रुमालही, तिच्या डोळ्यांसाठी.

८ डिसेंबर, रविवार

घोंगडीत बसून लिहितोय. पाय गरम पाण्यात. शिंका.

हॉल भरलेला होता. हे आधी नोंदवतो. उभं राहायला जागा नव्हती. म्हणजे गावाला अभिजात संगीताची भूक आहे. लोक मात्र सॉसेज घेऊन आले होते.

अपोलेना पहिल्या रांगेत, राद्का आणि लुमीरच्या मध्ये. मी पडद्याशेजारी, रेकॉर्डपाशी. सुरुवातीचं व्हायोलिन वाजलं. शांतता. पोरं विदूषकाची वाट बघत होती, पण शांत होती. प्रधान आला, किल्ली चोरली, झग्यात घातली. राजा आला. माझ्या आवाजात विचारलं, कुठे गेली किल्ली?

आणि हॉलमधलं प्रत्येक कारटं ओरडलं, "प्रधानाकडे!"

मी आवाज वाढवला. राजानं पुढे गायलं, कुणी केला घात? "प्रधानानं! झग्यात बघ!" यात एक आवाज मी ओळखला. सगळ्यात मोठा होता. पहिल्या रांगेतून आला होता.

मग ते घडलं. प्रोकोपच्या हातातला राजा थांबला. हळूच प्रेक्षकांकडे वळला. मग प्रधानाकडे वळला. मी खालून हातवारे करत होतो, चालू राहू दे, गात राहा. पण राजानं ऐकलं होतं. तो तरातरा प्रधानाकडे गेला, झगा उचलला आणि किल्ली काढली. पोरं नाचायला लागली. पाच अंकांची शोकांतिका, पहिला अंक संपायच्या आत सुटली. रेकॉर्डवर मी अजून रडतोय, कुणावर ठेवू विश्वास, आणि मंचावर राजा किल्ली हातात धरून बांधाचं दार बंद करतोय. राणी टाळ्या वाजवतेय. ब्लाझेनाबाईंच्या मते राणीलाही ऐकू आलं होतं.

याला बंड म्हणतात.

मी रेकॉर्ड बंद केलं आणि मागून मंचावर चढलो. देखाव्याच्या किल्ल्यामागून माझं डोकं वर आलं, बुरुजापेक्षा मोठं. पोरं एकदम गप्प. बरं वाटलं. अखेर शिस्त. मी म्हटलं, राजाला काही माहीत नसतं. पोरं म्हणाली, आता आहे. मी विचारलं, तुम्हाला ऑपेरा म्हणजे काय ते कळतं का? पोरं एका सुरात, नाही. मी विचारलं, मी इथं कशाला उभा आहे? एकानं सांगितलं, सॉसेजसाठी. आयाबापही हसले. शाळेत वर्षानुवर्षं प्रश्न विचारले, एका पोरानं तोंड उघडलं नाही. इथं मी विचारेन त्याला उत्तर, आणि प्रत्येक उत्तर चुकीचं.

माझा तोल गेला. मनाचा. बोट नाचवत मी त्यांना झापायला लागलो, आणि जितका झापतो तितकी ती खिदळतात. माझ्यामागे प्रोकोपचा राजा प्रधानाचा कान धरून त्याला फिरवत होता, हे मला नंतर सांगण्यात आलं. पोरं ओरडली, मागे बघ. मी म्हटलं, मागे काही नाही. मागे बघ, मागे बघ. मी म्हटलं, मी संगीतशिक्षक आहे, मला मागे काय आहे ते शिकवू नका. अपोलेना खुर्चीवर उभी राहिली. तिचा चेहरा अगदी गंभीर होता. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "आजोबा, टब!"

मी तिला समजावण्यासाठी एक पाऊल मागे टाकलं.

राजा पाचव्या अंकात बुडणार होता. मी पहिल्यातच बुडालो. पाणी बर्फासारखं होतं. कार्प माझ्या कोटात शिरला आणि बाहेर पडायला तयार होईना. छपाक आवाज मात्र उत्तम आला, जसा मला हवा होता तसा. वर आलो तर अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. पोस्टरवर स्पष्ट लिहिलेलं असताना.

रुमाल माझ्यासाठीच वापरावा लागला.

९ डिसेंबर, सोमवार

ताप. विचार केला. एकंदरीत प्रयोग यशस्वी म्हणावा लागेल. प्रेक्षक शेवटपर्यंत बसले. शेवट लवकर आला, हा तपशील.

अपोलेनासुद्धा शेवटपर्यंत बसली. अट तशीच होती. राद्काच्या फोनची वाट बघतोय.

१० डिसेंबर, मंगळवार

ब्लाझेनाबाई आल्या. लसणाचं सूप आणलं, आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. टॉवेल सोडला तर लाल टोपी. विदूषक. मंडळानं त्याला खुंटीवरून काढून तोंड इकडे वळवलं होतं.

मी म्हटलं, ही थट्टा आहे. अध्यक्षांची थट्टा. निवडणूक कधी झाली, मला न विचारता?

बाई सूप ओतत म्हणाल्या, "विदूषक आम्ही निवडत नाही, मास्तर. पोरं निवडतात. आलोइसलाही त्यांनीच निवडलं होतं. तो मंचावरून पडला होता."

मी स्पष्ट नकार दिला. संगीताला वाहिलेला माणूस आहे मी. त्या 'बरं' म्हणाल्या आणि बाहुला खुर्चीवर बसवून गेल्या. सूप चांगलं होतं. लसूण जास्त.

११ डिसेंबर, बुधवार

राद्काचा फोन आला. अपोलेनानं स्वतःच ठरवलं. हॉकी.

मी विचारलं, अजून हवं म्हणाली नाही का? राद्का म्हणाली, म्हणाली ना. रोज म्हणते, आजोबांना परत टबात पडायला सांग. व्हायोलिनचं काही बोलली नाही.

वाईट वाटलं. कुणी वाचणार नाहीये, तर लिहून टाकतो. फार वाईट वाटलं. छोटं व्हायोलिन परत कपाटावर ठेवलं. हात पुरेना, स्टुलावर चढलो. खुर्चीवरून तो लाल टोपीवाला बघत होता. त्याचं तोंड मी भिंतीकडे केलं.

रुसलेलो नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

त्याला परत वळवलं. भिंत ओलसर आहे, रंग खराब होतो.

२४ डिसेंबर, मंगळवार

राद्काकडे नाताळचं जेवण. प्रोकोपनं माझ्यासाठी तोच कार्प भेट पाठवला होता, जिवंत, बादलीत. माणसाला जनाची नाही तर मनाची तरी असावी. अपोलेनानं बादलीला मिठी मारली, म्हणाली हा आजोबांचा मित्र आहे, याला तळायचं नाही. लुमीर आणि मी दोघं थंडीत तळ्यावर गेलो, त्याला सोडून आलो. सॉसेज खाल्ले. लुमीर वाटेत फारसं बोलला नाही. एवढा वाईट वाटला नाही. बोलला नाही म्हणून असेल.

झोपण्याआधी अपोलेना माझ्याकडे आली. म्हणाली, हॉकीला सगळ्यांचे बाबा नुसते फोन बघत बसतात, कुणीच नीट ओरडत नाही. "तू ये, आजोबा. तू छान ओरडतोस."

मी म्हटलं, मी ओरडत नव्हतो. मी अभिजात कलेची बाजू मांडत होतो.

ती म्हणाली, तेच तिथं मांड.

४ जानेवारी, शनिवार. सकाळी, बर्फाच्या मैदानाच्या बाकावर

थंडी अशी की शाई घट्ट झालीय, पेन्सिलीनं लिहितोय. या वेळी सुसंस्कृत माणसं झोपलेली असतात. बर्फावर वीसेक कारटी हेल्मेट घालून पडतायत, उठतायत, परत पडतायत. ताल नाही, सूर नाही. प्रशिक्षक शिट्टी वाजवतो ती पण बेसूर. त्याला सांगितलं. तो म्हणाला, काका, खाली बसा.

बसणार नव्हतोच. अपोलेना चकतीच्या मागे धावत होती आणि तिच्या पाठीमागून एक दांडगा मुलगा सुसाट येत होता. ती बघत नव्हती. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "अपोलेना, मागे बघ!"

तिनं मागे बघितलं. बाजूला झाली. दांडगा कडेच्या फळीवर आपटला. तिनं बाकाकडे बघून काठी हलवली.

घरात कुणी शहाणं आहे म्हणायचं.

मग पोरं सगळीच बाकाकडे बघायला लागली. एकीनं विचारलं, हेच का ते, टबातले? अपोलेना म्हणाली, हो, माझेच आहेत. मी कोट नीट केला. कोटाच्या आत लाल टोपीवाला होता. घरी शेगडीजवळ लाकूड तडकतं, म्हणून आणला. दुसरं कारण नाही.

पोरं कठड्याशी जमली आणि वाट बघत उभी राहिली. शेवटी मला विचारावंच लागलं, आलात का सगळे.